यंत्र गाडीवरचे की हातातले? गालिचा-सफाईच्या व्यवसायापुढील गोमंतकीय गणित

पावसाळा ओसरला की गोव्याच्या किनारपट्टीवर एक काम दरवर्षी निमूटपणे सुरू होते. चार महिने ओल धरून बसलेल्या खोल्या उघडल्या जातात, पडदे उतरतात, गाद्या उन्हात येतात आणि हॉटेलांच्या मार्गिकांतील गालिच्यांचा कुबट वास घालवण्यासाठी धावपळ सुरू होते. ऑक्टोबरच्या पहिल्या पर्यटकाने खोलीत पाऊल टाकण्यापूर्वी हे सारे संपवायचे असते. पर्यटनाच्या चर्चेत विमानफेऱ्या, शॅक, टॅक्सी आणि कॅसिनो यांनाच जागा मिळते. या सफाईवर जगणारा छोटा कंत्राटदार मात्र कोणाच्या हिशेबात नसतो.

हा कंत्राटदार सध्या एका व्यावहारिक प्रश्नापुढे उभा आहे. धंदा वाढवायचा तर यंत्र कोणते घ्यायचे? एक पर्याय गाडीवर कायम बसवलेल्या मोठ्या यंत्राचा. गाडी इमारतीबाहेर उभी राहते आणि लांब नळ्यांतून गरम पाणी आत जाते. दुसरा पर्याय चाकांवर ढकलत किंवा हातात उचलून खोलीपर्यंत नेता येणाऱ्या सुट्या यंत्राचा. वरवर पाहता हा अश्वशक्तीचा आणि किमतीचा प्रश्न वाटतो. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेले वस्तू व सेवा कराचे नवे दर, स्वयंरोजगार कर्जांच्या मर्यादा, मोटार वाहन कायदा आणि गोव्याचे हवामान या चारही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत. चुकीची निवड केली तर पाच वर्षांचे हप्ते मानगुटीवर बसतात.

तत्त्व एक, ताकद वेगळी

दोन्ही यंत्रांचे काम एकाच तत्त्वावर चालते. साबणद्रव मिसळलेले गरम पाणी दाबाने गालिच्याच्या तंतूंत सोडायचे आणि मळासकट ते लगेच शोषून घ्यायचे. सफाईचा दर्जा तीन गोष्टींवर ठरतो: पाणी किती गरम आहे, त्याला दाब किती आहे आणि शोषण किती जोरदार आहे. यांपैकी शोषणाला गोव्यात सर्वाधिक महत्त्व आहे, कारण मागे राहिलेले पाणी हाच इथे खरा शत्रू आहे.

गाडीवरच्या यंत्राला पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाची शक्ती मिळते. कोणतेही इंजिन इंधनातील ऊर्जेचा लहान हिस्साच गतीत बदलते. उरलेली ऊर्जा धुराड्यातून आणि शीतक पाण्यातून उष्णतेच्या रूपाने बाहेर जाते. हीच वाया जाणारी उष्णता वापरून हे यंत्र पाणी तापवते. त्यामुळे सतत आणि भरपूर गरम पाणी, तगडा शोषक आणि मोठी टाकी असे तिन्ही लाभ एकत्र मिळतात.

सुट्या यंत्राला भिंतीतील वीजजोडणीवर भागवावे लागते. १६ अँपिअरच्या जोडणीतून २३० व्होल्टला जास्तीत जास्त ३,६८० वॅट शक्ती मिळते. शोषकाची मोटर आणि पंप यांना दीड हजार वॅट लागले, तर पाणी तापवण्यासाठी सुमारे दोन हजार वॅट उरतात. एवढ्या शक्तीने मिनिटाला एक लिटर पाण्याचे तापमान साधारण २८ अंशांनी वाढते. नळाचे पाणी २७–२८ अंशांवर असेल, तर ते ५५ अंशांच्या आसपास पोहोचते. रोजच्या मळाला हे पुरते. भोजनकक्षातील तुपकट डाग आणि वर्षानुवर्षे तुडवला गेलेला गालिचा यांना मात्र अधिक वेळ आणि अधिक हात लागतात. घरातील साध्या ६ अँपिअरच्या जोडणीवर तर असे हीटर असलेले यंत्र चालवताच येत नाही.

म्हणजे ताकदीच्या कसोटीवर गाडीवरचे यंत्र सरस ठरते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ही ताकद गोव्यात कोठे वापरायची याबद्दल.

अमेरिकेतील घर, गोव्यातील इमारत

गाडीवरच्या यंत्रांचा प्रसार १९७० च्या दशकात अमेरिकेत झाला. तेथील उपनगरांतील घरे बैठी किंवा एकमजली, दारापर्यंत गाडी जाण्याची सोय, बाहेर पाण्याचा नळ आणि आत भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेला गालिचा. गाडी दारात लावावी, नळी आत न्यावी, तासाभरात चार खोल्या उरकून पुढच्या घरी जावे, अशा कामासाठी हे यंत्र घडले. त्या परिस्थितीत ते चोख आहे.

गोव्यातील घरांत लाद्या असतात, जुन्या घरांत लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन असते. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घरात क्वचितच दिसतो. येथील घरगुती काम म्हणजे सोफा, गादी, जेवणाच्या खुर्च्या, मोटारीची आसने आणि एखादा सुटा गालिचा. या कामासाठी इंजिन सुरू करून रस्त्यात पन्नास मीटर नळी पसरणे म्हणजे सुपारी फोडायला घण आणण्यासारखे होईल.

विस्तीर्ण गालिचे सापडतात ते तारांकित हॉटेलांच्या मार्गिका आणि मेजवानी दालनांत, चित्रपटगृहांत, सभागृहांत, काही कार्यालयांत आणि कॅसिनोंत. ही ग्राहकांची यादी आकर्षक दिसते. मात्र प्रत्येक ठिकाणी एकेक अडचण उभी आहे. मोठ्या हॉटेलांच्या गृहव्यवस्था विभागाकडे बहुधा स्वतःची यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे असतात. मधल्या दर्जाची हॉटेले तीन–चार मजली असतात. नळीची लांबी वाढली आणि उंची चढली की शोषण मंदावते आणि पाणी वाटेतच निवू लागते. तळमजल्यावर जे यंत्र वाघ असते, ते चौथ्या मजल्यावर सुट्या यंत्राच्या पंगतीला येऊन बसते. नळीसाठी दार उघडे ठेवावे लागते. वातानुकूलन निघून जाते, डास आत येतात आणि पाहुण्यांच्या वाटेत नळ्यांचे जाळे पसरते.

पणजीजवळ मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या कॅसिनो जहाजांचे उदाहरण तर अगदी बोलके आहे. गालिचे तेथे आहेत, वर्दळ अहोरात्र आहे आणि सफाईची गरज सततची आहे. पण गाडी धक्क्यावरच थांबते. छोट्या बोटीतून पलीकडे जाऊ शकते ते केवळ सुटे यंत्र. फोंताईन्हास आणि मळा भागातील अरुंद गल्ल्यांतील अतिथिगृहांची स्थिती वेगळी नाही. तेथे गाडी उभी करायची म्हटली तर अर्धी गल्ली अडते. डिसेंबरमध्ये कळंगुट–कांदोळी पट्ट्यात दिवसा गाडीला जागा मिळवणे किती कठीण असते, हे तेथे दूध पोहोचवणाराही सांगेल.

जीएसटीने बदललेला हिशेब

यंत्राच्या निवडीला नवे वळण दिले ते जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीने. ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या निर्णयानुसार दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या हॉटेल खोलीवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पर्यटकाला दिलासा मिळाला आणि त्याचे स्वागतही झाले. परंतु या ५ टक्क्यांसोबत एक अट आहे. हॉटेलाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजेच इनपुट टॅक्स क्रेडिट, मिळत नाही. १२ टक्क्यांच्या काळात ती मिळत होती. ७,५०० रुपयांवरील खोल्यांसाठी १८ टक्के दर आणि वजावट दोन्ही कायम आहेत.

सफाई सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. समजा, नोंदणीकृत कंत्राटदाराने एखाद्या मध्यम हॉटेलाला १०,००० रुपयांचे काम करून दिले. बिल ११,८०० रुपयांचे होते. पूर्वी हॉटेलमालक वरचे १,८०० रुपये आपल्या कराच्या देण्यातून वळते करून घेई. त्याच्या दृष्टीने खर्च १०,००० रुपयेच होता. आता ते १,८०० रुपये परत येत नाहीत. त्याच कामाचा खर्च त्याच्यासाठी ११,८०० रुपये झाला आहे.

त्यामुळे मालकापुढे तीन वाटा उरतात. कंत्राटदाराला दर उतरवायला सांगणे ही पहिली. नोंदणी नसलेल्या छोट्या कंत्राटदाराला काम देणे ही दुसरी. सेवा पुरवणाऱ्याची आर्थिक वर्षातील उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर गोव्यात त्याला जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही आणि त्याचे १०,००० रुपयांचे बिल १०,००० रुपयेच राहते. तिसरी वाट कंत्राटदारासाठी सर्वांत धोक्याची आहे. हॉटेलाने स्वतःच एक सुटे यंत्र विकत घेऊन आपल्या कर्मचाऱ्याच्या हाती द्यावे. कर्मचाऱ्याच्या पगारावर जीएसटी नसतो. बाहेरून घेतलेल्या सेवेवर १८ टक्के आणि घरच्या माणसाच्या श्रमावर शून्य, हा फरक मालकाच्या लक्षात यायला वेळ लागत नाही.

गोव्यात यात आणखी एक गुंता आहे. कराचा दर खोलीच्या प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर ठरतो. तीच खोली जुलैमध्ये ३,००० रुपयांना जाते आणि नाताळात ९,००० रुपयांना. म्हणजे एकच हॉटेल पावसाळ्यात ५ टक्क्यांच्या आणि डिसेंबरअखेरीस १८ टक्क्यांच्या गटात असते. वजावटही त्या प्रमाणात विभागावी लागते. गालिच्यांची मोठी सफाई होते ती हंगामापूर्वी, भाडे कमी असताना. कंत्राटदाराने आपला ग्राहक कोणत्या गटात मोडतो हे केवळ नाव आणि तारे पाहून ठरवू नये.

आता याच चौकटीत यंत्र ठेवून पाहावे. मोठे यंत्र घेणाऱ्याला मोठी उलाढाल करणे भाग पडते. मोठी उलाढाल २० लाखांची रेषा ओलांडते आणि ती ओलांडली की नोंदणी येते. मग मध्यम हॉटेलासाठी तो १८ टक्क्यांनी महाग होतो. बाजारभाव १०,००० रुपयांवरच टिकवायचा ठरवले, तर करासकट घेतलेल्या त्या रकमेतून त्याच्या हाती सुमारे ८,४७५ रुपये राहतात. सुट्या यंत्रावर २० लाखांच्या आत काम करणाऱ्याच्या हाती पूर्ण १०,००० राहतात. यंत्राची ताकद दुप्पट असली, तरी करानंतरचे पारडे असे दुसरीकडे झुकते.

या दोहोंमध्ये एक पर्याय आहे आणि त्याची माहिती अनेक छोट्या व्यावसायिकांना नसते. ५० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा पुरवठादाराला कंपोझिशन योजनेत ६ टक्के कर भरता येतो. तो ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही आणि स्वतःच्या खरेदीवरील कराची वजावटही त्याला मिळत नाही. १०,००० रुपयांच्या कामातून ६०० रुपये सरकारला जातात आणि ९,४०० रुपये हाती राहतात. ज्यांचे ग्राहक प्रामुख्याने मध्यम हॉटेले, अतिथिगृहे आणि घरे आहेत, त्यांना ही योजना नेहमीच्या नोंदणीपेक्षा सोयीची ठरते. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. या योजनेत राज्याबाहेर सेवा देता येत नाही. सावंतवाडी, वेंगुर्ला किंवा कारवारच्या हॉटेलांची कामे घेणाऱ्या पेडणे–काणकोणच्या कंत्राटदाराला ती लागू होणार नाही.

याउलट ज्याचे ग्राहक वर्षभर ७,५०० रुपयांवर भाडे घेणारी आलिशान हॉटेले आहेत, त्याला नोंदणीची भीती बाळगण्याचे कारण नाही. अशा हॉटेलांना वजावट मिळते आणि त्यांना नियमित कर बिलच हवे असते. शिवाय नोंदणीकृत व्यावसायिकाला यंत्रावरचा करही वळता करता येतो. करासह १५ लाख रुपये मोजले असतील, तर त्यात १८ टक्के दराने सुमारे २ लाख २९ हजार रुपये कराचे असतात. ही लहान रक्कम नव्हे. म्हणून यंत्र निवडण्याआधी ग्राहक निवडावा लागतो.

कुटुंबातील तिघांच्या नावे धंदा वाटून प्रत्येकाची उलाढाल २० लाखांखाली दाखवण्याचा सल्लाही बाजारात दिला जातो. माणसे, यंत्रे, फोन क्रमांक आणि ग्राहक तेच असतील, तर ती सरळ करचुकवेगिरी ठरते आणि दंडासह वसुली होते. त्या वाटेला न गेलेलेच बरे.

कर्ज मिळते किती, फेडायचे कधी

स्वयंरोजगाराच्या कर्जांची रचनाही या निवडीला दिशा देते. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण असे गट आहेत. २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर मर्यादा २० लाखांवर गेली, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. पण १० ते २० लाखांचा तरुण प्लस हा गट आधी तरुण गटातील कर्ज घेऊन ते फेडलेल्यांसाठी आहे. पहिल्यांदाच धंद्यात उतरणाऱ्याला तो खुला नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा उद्योगासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा २० लाख रुपये आहे. सर्वसाधारण गटाला शहरी भागात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती–जमाती, इतर मागासवर्ग आदी विशेष गटांना अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के अनुदान असते. गोव्यात यांखेरीज आर्थिक विकास महामंडळाची मुख्यमंत्री रोजगार योजना आहे.

कर्ज मंजूर झाले तरी गोव्यातील धंदा हंगामी आहे, हप्ता मात्र बारमाही असतो. १५ लाख रुपयांचे कर्ज १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३१,८७० रुपये बसतो. वर्षाला ३ लाख ८२ हजार. काम जोरात असणारे सहाच महिने धरले, तर त्या प्रत्येक महिन्यात केवळ हप्त्यासाठी ६३ हजारांहून अधिक बाजूला काढावे लागतात. इंधन, चालक, विमा, दुरुस्ती आणि मजुरी त्यानंतर. याउलट सुटी यंत्रे, पंखे आणि साहित्य यांसाठी दोन लाखांचे कर्ज त्याच व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ६,४५० रुपयांच्या आसपास राहतो. पावसाळ्यात दोन महिने काम मिळाले नाही, तरी तो घरच्या बचतीतून भरता येतो.

दुरुस्तीचा मुद्दा याच हिशेबात धरायला हवा. किनाऱ्यावरील खारट हवेत लोखंड आणि जोडण्या लवकर गंजतात. गाडीवरच्या यंत्रातील पंप, शोषक आणि उष्णता बदलणारा भाग बिघडला, तर जाणकार मेकॅनिक आणि सुटे भाग हाताशी असतीलच असे नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र पंधरा दिवस बंद पडणे म्हणजे हंगामाचा गाभाच हातचा जाणे. तीन सुट्या यंत्रांपैकी एक बंद पडले, तर दोन चालू राहतात.

गाडीचा कायदा आणि पाण्याचे वजन

गाडीवरचे यंत्र घेणाऱ्याने मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचलेले असावे. उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तिकेत नमूद असलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. गाडीच्याच इंजिनातून शक्ती घेणारे यंत्र बसवायचे असेल, तर वाहतूक खात्याला आधी विचारल्याशिवाय एक नटही फिरवू नये. अन्यथा योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी अडचण येते आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हरकत घेऊ शकते. स्वतःचे इंजिन असलेले आणि गाडीच्या हौद्यात बसवायचे यंत्र तुलनेने सुटसुटीत असते. तरी त्याच्या बसवणुकीबाबतही लेखी खुलासा घेतलेला बरा.

वजनाचे गणितही साधे आहे. छोट्या मालवाहू गाडीची क्षमता साधारण पाऊण टनाची. यंत्र ३०० किलोचे, टाकीत ३०० लिटर पाणी आणि सोबत दोन माणसे धरली, की ती क्षमता जवळजवळ संपते. घाटवळणांच्या रस्त्यावर हिंदकळणाऱ्या पाण्यासह अशी गाडी चालवणे सुरक्षित नाही. मोठी गाडी घ्यायची, तर किंमत आणि उभी करण्याची अडचण दोन्ही वाढतात.

पाणी आणायचे कोठून आणि सोडायचे कोठे, हा पुढचा प्रश्न. एप्रिल–मे महिन्यांत किनारपट्टीतील अनेक हॉटेले टँकरवर चालतात. अशा वेळी पाणी कमी लागणाऱ्या पद्धतीला मालक पसंती देतो. सफाईनंतरचे साबणाचे काळे पाणी रस्त्याकडेच्या गटारात, शेतात किंवा ओहोळात सोडणे चुकीचे आहे. ते मलनिस्सारण वाहिनीत किंवा हॉटेलाच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पातच जायला हवे. सुट्या यंत्राची बादली तेथे ओतता येते. गाडीवरची भरलेली टाकी रिकामी करण्याची परवानगी आधीच मागून ठेवावी लागते.

आवाजाचेही नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हॉटेलातील मोठी दालने रात्रीच मोकळी होतात आणि नेमकी तेव्हाच इमारतीबाहेर इंजिन धडधडत ठेवणे शेजाऱ्यांना सोसत नाही. तळघरातील वाहनतळावर इंजिन चालवणे तर जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइड वायू बंदिस्त जागेत साचतो आणि त्याला वास नसतो.

आर्द्रता: गोव्याची खरी परीक्षा

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दिवसेंदिवस ९० टक्क्यांच्या आसपास राहते. ओला गालिचा २४ ते ४८ तासांत वाळला नाही, तर बुरशी धरण्याचा धोका असतो. सफाईच्या दुसऱ्या दिवशी खोलीत कुबट वास आला, की हॉटेलमालक कंत्राटदाराला पुन्हा बोलावत नाही.

या एका कसोटीवर गाडीवरच्या यंत्राचा दावा खरोखर भक्कम आहे. जोरदार शोषणामुळे तळमजल्यावरील गालिचा बराच कोरडा होऊन मिळतो. सुटे यंत्र वापरणाऱ्याने ही उणीव पद्धतीने भरून काढायला हवी. पाणी कमी सोडावे, त्याच पट्ट्यावर शोषकाचे दोन–तीन कोरडे फेरे मारावेत, जमिनीलगत वारा सोडणारे पंखे लावावेत आणि खोलीचे वातानुकूलन यंत्र आर्द्रता काढण्याच्या पद्धतीवर चालवावे. पंख्यांसाठी पैसे नसतील, तर यंत्रासाठीही नाहीत असेच समजावे. काथ्याच्या चटया आणि हाताने विणलेले लोकरी गालिचे यांना तर गरम पाण्याचा मारा सोसत नाही. त्यांची सफाई वेगळ्या पद्धतीने आणि वेगळ्या दराने करावी लागते.

यंत्र ओढणारा माणूस

यंत्रांच्या तुलनेत बहुधा विसरला जातो तो ते चालवणारा कामगार. गाडीवरच्या यंत्रात त्याच्या हाती केवळ नळी आणि सफाईची दांडी असते. मोठ्या टाकीचे सुटे यंत्र पाण्यासह ९०–१०० किलोपर्यंत जाऊ शकते. उद्वाहक नसलेल्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर चढवणे म्हणजे दोन माणसांच्या पाठीचा कस पाहणे. या कामात आता महिलाही मोठ्या संख्येने आहेत. मालकाने दहा लिटरच्या आसपास टाकी असलेली दोन हलकी यंत्रे घ्यावीत की एक जड, याचा विचार करताना ही पाठही मोजावी.

दुसरा धोका विजेचा. पाणी आणि वीज एकाच हातात असतात. जुन्या घरांत अर्थिंग नसते किंवा असूनही निकामी असते. ३० मिलिअँपिअरवर वीज तोडणारे संरक्षक उपकरण जोडलेली स्वतःची वायर नेणे, जोडणी आधी तपासणे आणि रबरी तळाची पादत्राणे वापरणे ही चैन नव्हे. त्याला लागणारा खर्च एका दिवसाच्या कमाईतून निघतो. तो वाचवण्याची किंमत एखाद्या कुटुंबाला मोजावी लागू शकते.

निष्कर्ष कोणासाठी कोणता

हा सारा ताळेबंद मांडल्यावर चित्र पुरेसे स्पष्ट होते. वर्षभर १८ टक्के गटात राहणाऱ्या मोठ्या हॉटेलांची, सभागृहांची किंवा बैठ्या संकुलांची लेखी कंत्राटे ज्याच्या हाती आधीच आहेत, ज्याच्याकडे गाडी उभी करण्याची हमी आणि यंत्र जाणणारा माणूस आहे, त्याने गाडीवरच्या यंत्राचा विचार जरूर करावा. कंत्राट हाती येण्यापूर्वी यंत्र आणणे मात्र केवळ आशेवर कर्ज काढणे ठरेल.

इतर बहुसंख्य व्यावसायिकांसाठी गोव्यात अधिक शहाणपणाची रचना म्हणजे एक छोटी मालवाहू गाडी आणि तिच्यात दोन–तीन सुटी यंत्रे, पंखे, पाण्याचे पिंप. गाडी हवी, पण यंत्र तिला जखडलेले नको. नव्या दरांत मालवाहू वाहनांवरील जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, ही त्यातली जमेची बाजू. यंत्रे बोटीत चढतात, जिन्याने वर जातात, दोन ठिकाणी एकाच दिवशी काम करतात आणि धंदा थांबवावा लागला, तर एकेक करून विकताही येतात. हंगाम बंद असताना तीच गाडी इतर मालवाहतुकीला लावता येते.

सरकारच्या बाजूनेही काही करण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०२० पासून 'स्वयंपूर्ण गोवा' ही घोषणा गावोगावी पोहोचली आहे. तिचा अर्थ पर्यटनातून निर्माण होणारी छोटी कामे स्थानिकांच्या हाती राहणे, असाही होतो. कर्ज देणाऱ्या संस्थांनी यंत्राच्या दरपत्रकासोबत ग्राहकांची यादी आणि कराचा हिशेबही अर्जदाराकडून मांडून घेतला, तर बुडणारी अनेक कर्जे आधीच ओळखता येतील. पर्वरीच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेसारख्या ठिकाणी गालिचा आणि गादी-सफाईचे चार–सहा दिवसांचे वर्ग बाहेरच्या तरुणांसाठी उघडले, तर त्यासाठी मोठा निधीही लागणार नाही. आणि ५ टक्के दरामुळे बाहेरून घेतलेल्या छोट्या सेवांवर पडलेला भार राज्याने जीएसटी परिषदेत मांडायला हवा. पर्यटनावर जगणाऱ्या राज्याने हा मुद्दा उचलला नाही, तर तो दुसरे कोणते राज्य उचलणार?

तोपर्यंत निर्णय त्या तरुणालाच घ्यायचा आहे, जो बँकेच्या टेबलावर दोन दरपत्रके घेऊन बसला आहे. त्याने दोन्ही दरपत्रके क्षणभर बाजूला ठेवावीत आणि एका कोऱ्या कागदावर येत्या वर्षातील आपल्या ग्राहकांची नावे, त्यांच्या खोल्यांचे भाडे, त्यांच्या इमारतींचे मजले आणि कामाचे महिने लिहावेत. कोणते यंत्र घ्यायचे ते त्या कागदावरच दिसेल.